सावद्याच्या मावशीची गंधमुक्ती

सावद्याची एक म्हातारी मी मारली. कागदावर मारली, प्रतिज्ञापत्रात, पण मारली. 'वृद्धापकाळाने निधन' एवढंच लिहिलं. बिचारीला धड आजारपण देण्याचीही तसदी घेतली नाही. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, बाररूममध्ये वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मित्रालाही नाही. ज्या अक्काच्या नावाने ते प्रतिज्ञापत्र होतं तिला ते मी सांगायच्या आतच कळलं, त्यामुळे तिला तरी सांगितलं असंही म्हणता येत नाही.

मी वकील आहे. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या एका तालुक्याच्या कोर्टात माझं टेबल आहे. मुळात मी कमी बोलतो. वकील आणि कमी बोलतो, हे ऐकून लोकांना हसू येतं. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी दोनदा विचारलं होतं, "वकीलच ना नक्की?" बायकोचं म्हणणं असं की यांना घरात काहीही विचारा, उत्तर मिळत नाही, पुढची तारीख मिळते.

अशा वकिलाकडे पक्षकार कशाला येतील? म्हणून मी मोफत विधी सहाय्याच्या यादीत नाव दिलं. तिथे वकील नेमून दिला जातो, त्यामुळे पक्षकाराला पळून जायची संधी कमी. समाजसेवेचं कारण मी पुढे एका सत्कारात दोन शब्द बोलावे लागले तेव्हा शोधून काढलं.

मोफत सल्ल्याची आमची खोली रेकॉर्ड रूमला लागून होती. दारावर पाटी, पाटीवर कोणाकोणाला फुकट वकील मिळतो त्याची यादी: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कामगार, आपत्तीत सापडलेले. लोक पाटी शेवटपर्यंत वाचायचे, मान हलवायचे आणि समोरच्या पैसे घेणाऱ्या वकिलाकडे जायचे. फुकटचा वकील म्हणजे सरकारचा, आणि सरकारचा म्हणजे समोरच्या पार्टीचा, असा आमच्याकडचा हिशोब. अक्कानेही आल्या आल्या तेच विचारलं. साठीची बाई, हातात कापडी पिशवी. खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाली, "तुम्ही मना वकील, का त्याना?"

'तो' म्हणजे तिचा धाकटा दीर. गाव त्याला नाना म्हणायचं, मीही तेच म्हणतो. अक्काचा नवरा वारला होता. सासऱ्याच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत ती राहायची, मागच्या दोन खोल्यांत नाना. नानाने ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर चारही खोल्या आपल्या नावावर करून घेतल्या आणि तिला सांगितलं, आता पाचोऱ्याला लेकीकडे जाऊन राहा.

"पोरना घर मी पावनी जासू," अक्का मला म्हणाली. "राहाले नही." आणि मग, "आखाजीले मनी पोर कोठे येई?"

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्काला घर हवं होतं ते एवढ्यासाठी. आईला घर नसेल तर लेकीला माहेर नाही, इतकी सरळ केस. मी तिचा दावा दाखल केला. तिला घराबाहेर काढू नये म्हणून मनाई मागितली, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत 'परिस्थिती जैसे थे ठेवावी' असा हुकूम मिळालाही. माझ्या बोलण्यामुळे नव्हे. समोरचा वकील त्या दिवशी फार बोलला आणि न्यायाधीश मॅडम वैतागल्या.

या दोघांचं वैर बघण्यासारखं होतं. गावातून तालुक्याला सकाळची एकच एसटी. नाना स्टँडवर लवकर जायचा, रुमाल टाकून दोन जागा धरायचा, एक स्वतःला आणि एक अक्काला. नानाची बायको गुडघ्यांनी अधू, म्हणून दोघांच्या भाकरी अक्का बांधून आणायची. दुपारी कोर्टाच्या आवारातल्या निंबाखाली वादी आणि प्रतिवादी एका फडक्यावर कळण्याची भाकरी आणि ठेचा खात बसायचे. अक्का मिरची पुढे सरकवायची. नाना पाण्याची बाटली भरून आणायचा. मग पुकारा झाला की दोघं उठून एकमेकांच्या विरोधात आत जायचे. नानाचा वकील हात जोडायचा, "अहो, निदान मॅडम व्हरांड्यातून जातात तेवढा वेळ तरी भांडल्यासारखं दिसा!"

आता माझ्या पापाकडे येतो.

थंडीचे दिवस होते. अक्काच्या दाव्याची तारीख होती आणि त्याच दिवशी एका वकीलमित्राच्या मळ्यात भरीत पार्टी. ज्यांनी खानदेशातली भरीत पार्टी पाहिलेली नाही त्यांना माझा मोह समजणार नाही. तुराट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडजीत कुटलेलं भरीत, वर कांद्याची पात, सोबत पुऱ्या. आणि मुख्य म्हणजे कोणी कोणाला बोलायला लावत नाही, सगळ्यांची तोंडं भरलेली असतात. कमी बोलणाऱ्या माणसाचा स्वर्ग. अक्काला मी आधीच्या तारखेलाच सांगून ठेवलं होतं, "पुढच्या वेळी यायची गरज नाही, अक्का. काही होणार नाही. मी आहे ना."

पार्टीला निघताना डायरी उघडून मी ती तारीख पाहिली होती. हे इथे लिहितो आहे, कारण विसरलो असं मी कित्येकदा स्वतःला सांगून पाहिलंय. विसरलो नव्हतो. मनात म्हटलं, फुकटची केस आहे, पुकारा चारपर्यंत होणार नाही, तोवर येऊ. पैसे देणारा पक्षकार असता तर मी मळ्याच्या वाटेलाही गेलो नसतो.

पुकारा साडेअकराला झाला. वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर. नाना मात्र आलेला. पुढे त्यानेच सांगितलं की त्याने नेहमीसारखी अक्काचीही जागा धरली होती, आणि भाकर येणार नाही हे एसटी सुटल्यावर त्याच्या लक्षात आलं. कोर्टाबाहेर येऊन तो आमच्या खोलीत डोकावला आणि शिपायाला विचारलं, "अक्काना वकील कोठे शे?" अक्काचा वकील तेव्हा तिसरी पुरी घेत होता. गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला गेला. दावा गेला की 'जैसे थे'चा हुकूमही गेला. त्याच आठवड्यात नानाने निरोप दिला, आखाजीच्या आत खोल्या खाली कर.

दावा पुन्हा मूळ नंबरावर घ्यावा म्हणून अर्ज करता येतो. त्यात गैरहजेरीचं पुरेसं कारण द्यावं लागतं, आणि सोबत पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र. 'वकील भरीत खात होते' हे पुरेसं कारण धरलं जात नाही. मी टायपिंगवाल्याकडे गेलो. कोर्टाच्या कुंपणाला लागून त्याची टपरी, आणि संगणकात सगळ्या अर्जांचे साचे तयार.

"साहेब, कारण काय टाकू? आजार, मयत, का एसटी बंद?"

"सध्या काय चालतं?"

"मयत बाराही महिने चालतं. आजाराला सर्टिफिकेट मागतात. गंधमुक्तीला कोण सर्टिफिकेट मागतो?"

गंधमुक्ती म्हणजे मयतानंतर दहा-बारा दिवसांनी आमच्याकडे होणारा विधी. सगळे सोयरे जमतात. गंधमुक्तीला जो आला नाही त्याची आठवण पुढच्या पिढीलाही करून दिली जाते. त्यामुळे कोर्टालाही ते कारण पटतं.

"टाक मग मयत."

"कोण टाकू? आई आणि सासू या महिन्यात लई झाल्या. मॅडमच्या ध्यानात येईल."

"मावशी टाक."

"गाव?"

इथे माझी कल्पनाशक्ती संपली. एखादं दूरचं, कोणाला जाऊन पाहता येणार नाही असं गाव हवं होतं. मला एवढंच आठवलं की अक्काने एकदा मला केळीची फणी आणून दिली होती आणि म्हणाली होती, सावद्याच्या मावशीने पाठवली. मी म्हटलं, "सावदा." खोटी मावशी तयार करायची तर ती नवी करावी, एवढंही मला जमलं नाही. बाईची होती तीच मावशी मी मारली. माझ्या स्वतःच्या गैरहजेरीसाठी मात्र मी ताप लिहिला. तिच्या वाट्याला मरण, माझ्या वाट्याला ताप.

अक्का सहीला आली. तिला सही येते, वाचता येत नाही. सही करायला ती बराच वेळ घ्यायची, एकेक अक्षर वेलांटीसकट पुरं करत. मध्येच पेन थांबवून तिने विचारलं, "यामा काय लिखेल शे?"

मी म्हणालो, "नेहमीचंच."

तिने राहिलेलं अक्षर पुरं केलं आणि त्याच दुपारी लेकीकडे पाचोऱ्याला निघून गेली, आठ-दहा दिवसांसाठी.

अर्जाची प्रत नियमाप्रमाणे नानाच्या वकिलाला गेली. त्याने नानाला बोलावून वाचून दाखवली. त्याला वाटलं, आता नाना म्हणेल की घ्या हरकत, झगडू. नाना मात्र डोक्याला हात लावून खाली बसला. तरुणपणी एका दुष्काळात नाना सावद्याला या मावशीच्या केळीच्या बागेत दोन वर्षं कामाला होता. तिच्या हातचं जेवला होता. त्याचं लग्नही तिनेच जमवलेलं.

"गंधमुक्ती होई गयी?" तो वकिलाला म्हणाला. "आनि माले सांगं नही?"

"अहो, ते जाऊ द्या. अर्जावर म्हणणं काय द्यायचं?"

"म्हननं कसानं? मी आते सावदाले कोन्ता तोंडघाई जाऊ?"

कोणत्या तोंडाने सावद्याला जाऊ, एवढीच त्याची चिंता. कोर्टातलं भांडण घरापुरतं. मयत ही निराळी गोष्ट. अक्काने आपल्याला कळवलं नाही याचा राग आलाच, पण राग आला म्हणून दुखवटा चुकवायचा नसतो. फोन करून खात्री करून घ्यावी असं त्याच्या मनातही आलं नाही. दुखवटा कोणी फोनवर विचारत नाही. शिवाय अक्का पाचोऱ्याला. 'दुःखात लेकीकडे गेली असेल' असं सगळ्यांनी धरून चाललं. नानाने क्रूझर गाडी ठरवली, भावकीतल्या सात बायका आणि चार पुरुष गोळा केले, मावशीच्या मुलासाठी टॉवेल-टोपी घेतली आणि मंडळी सावद्याला निघाली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण मावशीने स्वतः मला ते इतक्यांदा सांगितलं की पाहिल्यासारखंच आहे.

दुखवट्याला आलेल्या बायका गल्लीच्या तोंडाशीच गळा काढतात, ही रीत. क्रूझर गल्लीत थांबली आणि सातही बायकांनी एकदम सूर लावला. मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची, नजर अधू. तिला वाटलं, शेजारी कोणीतरी गेलं. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि तीही रडायला लागली. गल्लीत रडणं चालू असताना आपण शेंगा सोलत बसणं बरं दिसत नाही.

बायका तिच्या गळ्यात पडल्या. एकीच्या गळ्यात पडून रडता रडता मावशीने विचारलं, "कोण गेलं गं बाई?"

"मावशी गई वं माय!"

"कोणाची मावशी?"

"अक्कानी!"

"कोणत्या अक्काची?"

तोवर नाना टॉवेल-टोपी हातात घेऊन पुढे आला. त्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं आणि ओळखलं. "आरे, तू रे? किती वर्सांनी! कोण गेलं?" तो म्हणाला, "मावशी, बसी घे."

सांगायला कोणीतरी लागणारच होतं. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी मेली तं मले काबरं कोणी सांगितलं नाई?"

रडत आलेल्या लोकांना तसंच परत पाठवणं तिला बरं वाटेना. तिने सुनेला शेवभाजी करायला सांगितली. मुलगा केळीचा ट्रक भरणं सोडून आला, त्याला टॉवेल-टोपी देण्यात आली. आणलेली परत नेणं अपशकुनाचं, म्हणून त्याने ती घेतली आणि आई समोर बसलेली असताना घातलीही. जेवणं झाली. बायकांनी रडताना काय काय म्हटलं ते मावशीने एकेकीकडून पुन्हा म्हणवून घेतलं. "हे बरं झालं," ती मला म्हणायची. "नाई तं माणसाले कळतच नाई, मागून लोक काय म्हणतात ते."

आणि मग पान खाता खाता तिने नानाला विचारलं, "पण हे कोर्टात काबरं लिहिलं? माझी भाची कोर्टात काय करते?"

तिथे नाना फसला. हातात तिच्या घरचं पान, पोटात तिच्या घरची शेवभाजी, आणि आपणच हिच्या भाचीला घराबाहेर काढतोय हे सांगायचं. त्याने सांगितलं. मावशी फक्त म्हणाली, "तारखेले मी येते."

अर्जाच्या तारखेला मी व्हरांड्यात उभा होतो. एसटी थांबली. आधी अक्का उतरली, मागून नाना, आणि नानाचा हात धरून एक अनोळखी म्हातारी. मी पुढे होऊन तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. कौतुकाने अक्काला विचारलं, "या कोण?"

अक्काने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "मनी मावशी. सावदानी."

मयताला मी स्वतःच्या हाताने खुर्ची दिली होती. माझ्या हातातली फाईल खाली पडली. ती नानाने उचलून दिली.

पुकारा झाला. नानाचा वकील त्या दिवशी इस्त्रीचा कोट घालून आला होता. तो उभा राहिला. "मॅडम, अर्जात नमूद केलेल्या मयत मावशी कोर्टात हजर आहेत." मागच्या बाकावरचे पक्षकारही उठून बघायला लागले. मावशीने उभं राहून मॅडमना नमस्कार केला.

खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे अक्कावर फौजदारी. दावा परत येणार नाही, घर जाईल, आखाजी जाईल. माझ्या सनदेचं जे व्हायचं ते वेगळंच. मी उठून एक वाक्य बोलायला हवं होतं: मॅडम, हे मी लिहिलं, या बाईंना माहीत नव्हतं. वाक्य तयार होतं. मी उठलोही. पण तोंड उघडण्याआधी मॅडमनी अक्काला विचारलं, "बाई, मावशी वारल्या असं तुम्ही शपथेवर सांगितलंय?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी खाली, टेबलावरच्या शाईच्या डागाकडे पाहिलं.

"हा, साहेब," अक्का म्हणाली. "माले कोनी तरी सांगं, मावशी गयी. मी वकीलसाहेबले तेच सांगं. चूक मनी शे."

मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्या बाहेरच्या जिल्ह्यातल्या होत्या, आमची बोली त्यांना पुरती कळायची नाही, पण माझा चेहरा त्यांना व्यवस्थित वाचता आला असावा. त्यांनी नानाला विचारलं, अर्जाला हरकत आहे का. नानाचा वकील "आहे" म्हणाला. नाना "नही" म्हणाला. मावशी नानाच्या मागेच उभी होती.

"मनी काही हरकत नही," नानाने पुन्हा सांगितलं. त्याच्या वकिलाने कोटाचं वरचं बटण काढलं.

दावा मूळ नंबरावर आला. मॅडम कागद मिटताना मला एवढंच म्हणाल्या, "वकीलसाहेब, यापुढे प्रतिज्ञापत्र पक्षकाराला आधी वाचून दाखवत जा." मी "हो, मॅडम" म्हणालो. त्या दिवशी कोर्टात मी बोललेले शब्द तेवढेच.

दुपारी निंबाखाली तिघांच्या भाकरी निघाल्या. अक्काने अर्धी भाकर माझ्यासमोर धरली. मी म्हणालो, "अक्का, त्या अर्जाचं मी..."

"तुमले ताप व्हता ना, साहेब?" ती म्हणाली. आत अर्ज वाचला गेला तेव्हा तिने तो पहिल्यांदाच ऐकला होता, शेवटपर्यंत. "आते कसा शे?"

मी म्हणालो, बरा आहे. भाकर घेतली.

पुढच्या लोकअदालतीत तडजोड झाली. खरं तर ती सावद्याच्या ओट्यावरच झाली होती, आम्ही फक्त टाइप केली. पुढच्या दोन खोल्या नमुना आठवर अक्काच्या नावाने, मागच्या दोन नानाच्या, नळ सामाईक. सामाईक भिंतीवर खिळा ठोकायचा तर विचारून ठोकायचा, हे कलम मावशीने घालायला लावलं. आखाजीला लेक आली. झोका बांधायला नानाच चढला.

इथपर्यंत मी हा किस्सा बाररूममध्ये पुष्कळदा सांगितलाय, अक्काच्या चुकीचा किस्सा म्हणून. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचो. मोफत विधी सहाय्याच्या एका शिबिरात तर मी तो 'पक्षकाराने वकिलाला खरी माहिती द्यावी' याचं उदाहरण म्हणून सांगितला. टाळ्या मिळाल्या. आयुष्यात मला टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच.

गेल्या वर्षी मी धुळ्याला जिल्हा कोर्टात गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर नाना भेटला. आता थकलाय. शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसला होता, सवय. मी अक्काची चौकशी केली. ती बरी आहे म्हणाला, आणि मग सांगायला लागला. मी विचारलं नव्हतं. मी फारसं विचारत नाही हे त्याला ठाऊक आहे.

अक्का आमच्या गावची रडणारी, तो म्हणाला. म्हणजे कोणाच्याही घरी मयत झालं की बायका तिची वाट बघायच्या. ती आली की रडणं सुरू व्हायचं. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याच्या बैलांची, शेताची नावं घेऊन ती असं रडायची की पुरुषसुद्धा उठून बाजूला जायचे. तो तिचा मान होता. कोर्टातली गोष्ट सगळ्या गावाला कळली आणि तिचं नाव 'मावशीमारी' पडलं. घरासाठी जित्या मावशीला मारलं. आधी हसण्यावारी. मग कोणाकडे मयत झालं की तिला सांगेनात. "तिले कसाले? ती कोर्टमा लिखी देई." एकदा तीच कोणाच्या तरी मयताची खबर घेऊन गेली, तर समोरच्याने विचारलं, मयत पक्की आहे, की मावशीसारखी? त्यानंतर तिने कोणाच्या दारी जाणंच बंद केलं.

"आनि या फागुनमा मावशी खरंच गयी," नाना म्हणाला.

सावद्याहून फोन आला. अक्का पारावर सांगायला गेली. मंडळी बसलेली होती. तिने सांगितलं, मनी मावशी गयी. आणि पारावरचे सगळे हसले. मुद्दाम नाही, म्हणाला नाना, हसू आलं त्यांना. एकाने विचारलं, आता कोणतं घर पाहिजे, अक्का? ती तशीच उभी राहिली. मग घरी आली.

क्रूझर ठरवली होती. त्यात दोघंच गेले, ती आणि नाना. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली, रीतीप्रमाणे रडायला हवं होतं. अक्काला सूर लागेना. नानाला सुचेना काय करावं. पुरुषांनी रडायची रीत नाही. शेवटी सावद्याच्या बायकांनीच सुरू केलं.

"तुमना अर्ज चांगला व्हता, साहेब," नाना उठता उठता म्हणाला. त्याची एसटी लागली होती. "मरनं बरोबर लिखेल व्हतं. फक्त तारीख चुकनी." आणि हसला. हसताना मात्र माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, त्याला सगळं माहीत आहे. तो कोर्टात त्या दिवशी साडेअकराला हजर होता, आणि मला ताप आलाय असं कोणीच म्हणालं नव्हतं.

मावशीच्या गंधमुक्तीचा निरोप तिच्या मुलाने मलाही मोबाईलवर पाठवला होता. मी गेलो नाही. अर्जासारखं कारण इथेही लिहिता आलं असतं, लिहीत नाही. लाज वाटली म्हणून गेलो नाही.

अक्काला घर मिळालं ते माझ्यामुळे नाही, आणि तिचा मान गेला तो माझ्यामुळे. मी तिचं एक देणं लागतो. तिच्या गावात जाऊन, पारावर माणसं बसलेली असताना, उभं राहून मोठ्याने सांगायचं की मावशीला अक्काने मारलं नाही, मी मारलं. तिने न वाचता सही केली, कारण मी तिला 'नेहमीचंच' म्हणालो. आणि त्या दिवशी मला ताप नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.